पुंगळीचा हिशेब

मागच्या अंकात घरातल्या दुनळी बंदुकीला पावसाळ्यात तेल कोणतं लावावं, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यांत तेलाबद्दल कुणाला काही विचारायचं नाही. सगळ्यांना काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्यांचं पडलंय. कुणाला त्या भरायच्या आहेत, कुणाला विकायच्या आहेत, कुणाला नुसत्या कपाटात ठेवायच्या आहेत. म्हणून हा महिना पुंगळ्यांचा.

नवीन वाचकांना सांगतो, मी एकतीस वर्षं शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो. निवृत्त झाल्यापासून अंबाजोगाईत असतो. वकील नाही, पण साक्षीसाठी कोर्टाच्या पायऱ्या इतक्या वेळा चढलोय की दोन-चार कलमं तोंडपाठ झाली आहेत.

आणि एक शब्दांचं. निम्म्या पत्रांत ‘गोळी सापडली’ असं लिहिलंय आणि पुढच्या ओळीत वर्णन पुंगळीचं. पूर्ण भरलेलं ते काडतूस. त्याच्या बुडाशी टोपी, पोटात दारू, तोंडाशी गोळी किंवा छर्रे, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पितळेची नळी म्हणजे पुंगळी. बार उडाला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी जाते. उरते ती पुंगळी. पोलिसांना फोन करताना हा फरक नीट सांगा, कारण ‘गोळी सापडली’ म्हटल्यावर येणारी गाडी वेगळी असते.

प्रश्न : आमचं माळवदाचं घर पाडताना गोठ्यावरच्या माळ्यात आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आत बारा बोअरच्या सबंध पितळेच्या 34 पुंगळ्या, लाकडी मुठीचं एक छोटं यंत्र आणि गंजलेली एक डबी आहे. डबी हलवली की खुळखुळ वाजते. दुनळी वडिलांच्या नावावर आहे, परवाना चालू आहे. काडतुसं महाग झाली, रानडुकरं तुरीत घुसतात, निदान आवाज तरी करावा लागतो. परदेशातले लोक पुंगळ्या पुन्हा भरतात ते मोबाइलवर पाहिलं. या भरता येतील का? (एक वाचक, केज)

भाऊ, पुंगळ्यांचं नंतर बोलू. आधी ती डबी खाली ठेवा आणि परत हलवू नका. खुळखुळ वाजतंय ते बहुतेक टोप्यांचं. टोपीतला मसाला ठोक्याने पेटावा म्हणूनच केलेला असतो, आणि पन्नास-साठ वर्षं गोठ्याच्या दमट माळ्यावर पडलेल्या टोपीचा काही भरवसा नाही. चुलीत टाकू नका, विहिरीत टाकू नका, पोराला उघडून बघ म्हणू नका. पेटी आहे तिथे राहू द्या आणि ठाण्याला कळवा. लेखी कळवा आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्या. वडिलांच्या परवान्याची झेरॉक्स जोडा.

आता आजोबांचं. तुमच्या आजोबांसारखे शिकारीचे शौकीन आमच्या भागात गावोगावी होते. त्या काळात एली, किनॉक अशा विलायती कंपन्यांच्या सबंध पितळी पुंगळ्या मिळायच्या. त्या मुद्दाम पुन्हा भरण्यासाठीच घेत. जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, काळी दारू, वर नमद्याची किंवा पुठ्ठ्याची चकती, छर्रे, पुन्हा चकती. ते लाकडी मुठीचं यंत्र त्याच कामाचं. म्हणजे मोबाइलवर तुम्ही जे पाहिलं ते तुमच्याच माळ्यावर होतं.

पण या 34 पुंगळ्या मी फुकट दिल्या तरी घेणार नाही, आणि त्याचं पहिलं कारण तुमचा गोठा आहे.

इंग्रजांच्या फौजेला हिंदुस्थानात एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात ठेवलेली काडतुसं उघडली की पुंगळ्यांना चिरा पडलेल्या असायच्या. न वापरलेल्या, न आपटलेल्या, नुसत्या ठेवलेल्या पुंगळ्यांना. दारूगोळा ठेवलेला असायचा घोड्यांच्या तबेल्यात किंवा त्याच्या शेजारी. घोड्यांच्या मुतातून अमोनिया उठतो, हवा दमट, आणि पुंगळी ओढून-दाबून घडवलेली असल्याने तिच्या अंगात ताण आधीच भरलेला. अमोनिया त्या ताणलेल्या पितळेत शिरतो आणि ते आतून उकलतं. हे नीट सिद्ध व्हायला 1921 साल उजाडलं. घडवल्यावर हलकी आच देऊन ताण काढला तर चिरा पडत नाहीत, हा त्यावरचा उपाय. आमच्या अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. त्यामुळे तबेला आणि पितळ ही गोष्ट मला नेहमी आपल्या गल्लीतली वाटते. आणि घोड्याच्या जागी बैल, म्हैस धरली तरी अमोनिया तोच. तुमची पेटी इतकी वर्षं गोठ्याच्या डोक्यावर होती. एखाद्या पुंगळीत उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर केसासारखी उभी रेघ दिसेल. काहींना ती दिसणारही नाही, आणि त्याच जास्त वाईट.

दुसरं कारण टोपीचं. जुन्या टोप्यांत पाऱ्याचा मसाला असायचा. बार उडाल्यावर पारा पुंगळीच्या पितळेत मुरतो आणि पितळ ठिसूळ होतं. वरून चकचकीत पुसलं तरी आतलं दुखणं जात नाही.

तिसरं, दारू. पितळी पुंगळ्यांचा तो सगळा खटाटोप काळ्या दारूच्या हिशेबाने बसवलेला होता. आजची बिनधुराची दारू त्याच मापाने घातली तर दाब कुठच्या कुठे जातो. नळी फाटलेली दुनळी मी टेबलावर घेतलेली आहे. डाव्या नळीचं पोट केळीची साल सोलावी तसं उलगडलं होतं. ज्याच्या हातात ती होती त्याला आता जेवायला चमचा लागतो. त्याने काय भरलं होतं? ‘दोस्ताने दिलेली दारू.’ यापुढे त्याला काही सांगता आलं नाही.

आणि कायदा. बंदूक बाळगायचा परवाना शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 खाली मिळतो. काडतूस बनवणं कलम 5 मध्ये येतं, त्याचा परवाना वेगळा. वडिलांच्या परवान्यावर काडतुसं विकत घेता येतात, घरी बनवता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी 7 वर्षं आहेत, जास्तीत जास्त जन्मठेप. तुरीच्या एका शेतासाठी हा भाव परवडत नाही. वडील थकले असतील आणि परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं असेल, तर कलम 21 प्रमाणे बंदूक विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. ‘कपाटातच आहे, कोण बघतं’ हे उत्तर साहेबांना चालत नाही. आवाजच करायचा असेल तर पत्र्याचा डबा वाजवा. आमच्या शेजारच्या राखणदाराने डब्याला सायकलची चेन बांधली आहे, रात्रभर वाऱ्याने वाजते. त्याच्या बायकोची तक्रार आहे, डुकरांची नाही.

प्रश्न : मी लातूरला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुंगळी पितळेचीच का? लोखंड तर स्वस्त आहे. आणि अमेरिकेतले लोक रेंजवर वाकून वाकून पुंगळ्या का गोळा करतात? (एक विद्यार्थी)

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. एकतीस वर्षांत ‘का’ विचारणारे चार-पाचच भेटले, बाकी सगळे ‘कितीला’ विचारणारे.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडतो तेव्हा रायफलीच्या काडतुसात दर चौरस इंचाला 50 हजार पौंडांच्या घरात दाब तयार होतो. त्या क्षणी पुंगळी फुगते आणि नळीच्या घराला घट्ट चिकटून बसते, म्हणजे गॅस मागे, चालवणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. गोळी बाहेर पडली, दाब उतरला की तीच पुंगळी किंचित आक्रसते आणि घरातून सुटी होते. फुगायचंही आणि परत यायचंही, ही लवचीकता पितळेत आहे. शिवाय गंजत नाही, आणि बाहेर पडताना बरीच उष्णता सोबत घेऊन जाते. ही उष्णता किती ते ज्याच्या कॉलरमध्ये एकदा ताजी पुंगळी शिरली आहे त्याला विचार. लोखंडाच्या पुंगळ्या असतात, लाखेचा किंवा पितळेचा पातळ हात मारलेल्या. चुंबक लावलं की कळतं. पण त्या पुन्हा भरण्यासाठी कुणी जपत नाही.

आता वाकून गोळा करण्याचं. काडतुसातल्या चार वस्तूंपैकी टोपी, दारू आणि गोळी एकदाच वापरायच्या. पुंगळीच तेवढी परत हाती येते, आणि नवं काडतूस घेताना पैशाचा मोठा वाटा तिच्यातच जातो. अमेरिकेत स्वतःपुरतं काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. म्हणून तिथे लोक बादल्या घेऊन रेंजवर जातात, बंदुकीला जाळी लावून पुंगळ्या झेलतात. घरी आणून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात फिरवून घासतात आणि बुडावरच्या शिक्क्याप्रमाणे वेगळ्या करतात. एका कारखान्याच्या एका बरणीत. कारण भिंतीची जाडी प्रत्येक कारखान्याची वेगळी. आत जागा कमी म्हणजे दाब जास्त.

किती वेळा भरता येते, याचं उत्तर तुला तांबट आळीत मिळेल. तांबट हंडा ठोकतो. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की थांबतो, ताव देतो, नरम झाला की पुन्हा ठोकायला घेतो. ताव न देता ठोकत राहिला तर काठ फाटतो. पुंगळीचं तेच. प्रत्येक बाराला फुगते, प्रत्येक वेळी साच्यातून दाबून मापात आणतात, आणि दर खेपेला पितळ थोडं कडक होतं. म्हणून मानेला आधी चीर जाते. काहीजण मानेला ताव देऊन आयुष्य वाढवतात. पण तोच ताव चुकून बुडाला लागला तर बूड मऊ पडतं, आणि सगळा दाब पेलायचा असतो तो बुडानेच. रिव्हॉल्व्हरच्या कमी दाबाच्या पुंगळ्या खूप वेळा टिकतात, रायफलीच्या त्या मानाने लवकर जातात. बाहेरून, बुडाच्या जरा वर, चकचकीत रिंग दिसायला लागली की समजायचं, आता बूड एकीकडे आणि नळी एकीकडे होणार.

टोपीच्या घराचे दोन प्रकार आहेत, बॉक्सर आणि बर्डन. बॉक्सरमध्ये मधोमध एकच भोक असतं, सळई घालून जुनी टोपी सहज निघते. बर्डनमध्ये दोन बारीक भोकं बाजूला असतात, सळई जात नाही, म्हणून भरणारे ती बाजूला टाकतात. गंमत अशी की एडवर्ड बॉक्सर इंग्रज अधिकारी होता आणि हायरम बर्डन अमेरिकन. पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपातल्या फौजांनी बर्डनची. दुसऱ्याच्या घरचं जेवण गोड लागतं ते काही उगीच नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, रायफल क्लबला जाते. पॉइंट टू टूच्या रिकाम्या पुंगळ्या ती आठवण म्हणून खिशात आणते. चालतं का? त्या पुन्हा भरतात का? (एक आई, छत्रपती संभाजीनगर)

ताई, पॉइंट टू टू पुन्हा भरत नाहीत. तिला वेगळी टोपी नसते, मसाला बुडाच्या कडेच्या घडीतच भरलेला असतो आणि बंदुकीचा घोडा त्या कडेवर पडतो. एकदा कड चेपली की संपलं.

माझी काळजी वेगळी आहे. त्या मसाल्यात शिसं असतं, त्याची राख पुंगळीच्या आत राहते. ते खिशातून हाताला, हातावरून डब्यातल्या पोळीला. रेंजवरून आली की आधी साबणाने हात, मग खाणं. ते कपडे वेगळे धुवा. पुंगळ्या स्वयंपाकघरात चिंच लावून घासू देऊ नका. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला फुलतरूची (नळी साफ करायच्या दोरीची) चिंधी हातात धरून चहा प्यायलोय. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

आणि क्लबला मोजून परत द्यायच्या असतील तर एकही आणू नये. आठवण म्हणून तिच्या टार्गेटचा कागद ठेवा. विमानाने स्पर्धेला जाताना तर बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. रिकामी पुंगळी निघाली तरी तपासणीत खोळंबा होतो आणि पोरीची स्पर्धा बुडते.

प्रश्न : तुम्ही सारखं ‘मोजून परत’ म्हणता. रिकाम्या पुंगळ्या मोजायच्या कशासाठी? त्या भरत तर नाहीत आपल्याकडे. भंगाराच्या भावासाठी एवढा आटापिटा? (एक वाचक, परतूर)

भाव काही वाईट नाही. सेव्हन सिक्स्टी टूची (7.62 मिमी रायफलीची) एक पुंगळी साधारण 12 ग्रॅमची, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी पुंगळ्यांचं एक किलो उत्तम पितळ. पण मोजतात ते त्यासाठी नाही.

सकाळी कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, 400 काडतुसं निघाली. चाळीस जवान, प्रत्येकी दहा. संध्याकाळी 400 पुंगळ्या परत आल्या तर 400 बार उडाले. 399 आल्या, तर एक जिवंत काडतूस कुणाच्या तरी खिशात असू शकतं. गोळी मातीत गेली, दारूचा धूर झाला. झालेल्या बाराची पावती म्हणून उरते ती पुंगळीच. म्हणून ती मोजायची.

आणि 399 माझ्याच आल्या होत्या. रेंजवर हिशेबाला मी होतो. नियम असा की प्रत्येक डिटेलच्या (एका वेळी बार काढणाऱ्या तुकडीच्या) मागे दहा-दहाचे ढीग लावून तिथल्या तिथे मोजायचं. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, मी म्हटलं शेवटी एकदम मोजू. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. शेवटी मोजल्या, एक कमी. परत मोजल्या, एक कमी. एसएलआर रायफल पुंगळी उजवीकडे लांब फेकते, म्हणून उजवीकडचं सगळं कुसळी गवत चाळीस जणांनी गुडघ्यावर बसून चाळलं. बूट काढायला लावले, पिशव्या उलट्या केल्या. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं. अंधार पडल्यावर बॅटऱ्या लावल्या, पाऊस आला. रात्री ते चाळीस जण उपाशी माझ्याकडे बघत बसले होते.

सकाळी सहाला मी एकटाच परत गेलो. बांधावरून शिट्टीचा आवाज येत होता. एक गुराखी पोरगं, असेल दहा वर्षांचं, ओठाला काहीतरी लावून फुंकत होतं. पुंगळीच्या तोंडावर आडवं फुंकलं की झकास शिट्टी वाजते. मी जवळ गेलो तसं ते पळायच्या बेतात. मी म्हटलं, ‘मारत नाही रे, दाखव.’

‘काका, ही व्हय? अजून हायेत घरी. ही लई ग्वाड वाजती.’

घरी अकरा निघाल्या. जुन्या, वेगवेगळ्या वेळच्या, माझ्या आधीच्यांच्या हिशेबातल्या. म्हणजे अकरा वेळा कुणीतरी कागदावर आकडा जुळवला होता. माझी एक मी घेतली. त्या अकरांचं काय केलं ते त्या वेळच्या साहेबांना माहीत आहे. पोराला बाजारातून पाच रुपयांची खरी शिट्टी आणून दिली. ती त्याला आवडली नाही.

प्रश्न : माझा भंगारचा धंदा आहे. परवा एका पोत्यात नळांच्या तोट्यांबरोबर दीडेकशे पुंगळ्या आल्या. काही हिरव्या, काही पिवळ्या. दोन-तीन तोंडाशी बंद आहेत. वितळायला पाठवू का? (एक व्यापारी, जालना)

पाठवू नका. त्या बंद आहेत त्यांना तर हातच लावू नका. तोंडाशी गोळी बसलेली आणि बुडाच्या टोपीवर घोड्याचा ठसा नसलेली, ती जिवंत. ठसा आहे पण गोळीही आहे, तर ती फुसकी गेलेली, आणि फुसकी कधी मन बदलेल ते सांगता येत नाही. कापायची नाही, ठोकायची नाही, भट्टीत तर नाहीच. 2004 साली गाझियाबादजवळच्या पोलाद कारखान्यात परदेशी भंगारातून आलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन माणसं गेली होती. तुमच्या गावात दर दुसरी चिमणी लोखंड वितळवते, तुम्हाला याहून जास्त सांगायला नको.

पोतं बाजूला, सावलीत, माणसं लांब. ठाण्याला फोन करा, पंचनामा होऊ द्या. पोतं कुणाकडून आलं ती पावती शोधून ठेवा, पहिला प्रश्न तोच येणार. पुंगळ्या धुऊन-पुसून देऊ नका. घोड्याच्या टोकाचा आणि पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा ओरखडा प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवून प्रयोगशाळा सांगते की दोन्ही एकाच हत्यारातून सुटल्या का. त्या पोत्यातली एखादी कुठल्या तरी गुन्ह्यातली असली तर तुमच्या पिवळ्या पावडरीने तो पुरावा जायचा.

‘रिकामीच तर आहे’ असं सगळे म्हणतात. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. कलम 45 मध्ये मात्र एक सूट आहे. किरकोळ सुटा भाग, जो जोडीच्या दुसऱ्या भागांसोबत वापरायचा इरादा नाही, त्याला कायदा लागू नाही. म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला भोक पाडून लावलेली एक पुंगळी आणि केजच्या पेटीतल्या पुंगळ्या यांच्यात पितळेचा फरक नाही. शेजारी काय ठेवलंय त्याचा फरक आहे. पेटीत यंत्र आहे, टोप्या आहेत, उद्या दारू आली की इरादा आपोआप उभा राहिला. तुमच्या पोत्यात तर जिवंत काडतुसंच आहेत. इराद्याचा वाद घालण्यापेक्षा फोन स्वस्त पडेल.

प्रश्न : उदगीरच्या बाजूला शेतात नांगराला एक हिरवी पुंगळी लागली. बुडावर के, एफ, मध्ये बाण आणि 7 आहे. रझाकारांच्या वेळची असेल का? (एक शिक्षक)

गुरुजी, के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी. तिथला दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून आहे. मधला बाण ही इंग्रज सरकारी मालाची खूण, आणि 7 म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काडतुसाचा सातवा मार्क, म्हणजे सातवा नमुना, जो 1910 साली आला. जवळच दोन आकडी साल कोरलेलं असतं. लिंबू लावून घासू नका, ओल्या फडक्याने माती काढा आणि तिरप्या उजेडात पाहा. साल 48 च्या आधीचं असलं तरी बार त्याच साली उडाला असं होत नाही. थ्री-नॉट-थ्री पुढे कित्येक वर्षं पोलिसांच्या खांद्यावर होती, मीही तीच घेऊन उभा राहिलोय. त्यामुळे ‘मुक्तिसंग्रामातली पुंगळी’ अशी पाटी शाळेत लावण्याआधी साल वाचा आणि सापडली ती जागा नकाशावर लिहून ठेवा.

आत वाकून पाहिलं तर दोन बारीक भोकं दिसतील, तेच बर्डन. या काडतुसात दारूची पूड नसायची, कॉर्डाईट नावाच्या बिनधुराच्या दारूच्या काड्या असायच्या, शेवयांच्या जुडीसारख्या. पोरांना हे सांगा, लक्षात राहतं. पण तोंडाशी गोळी असेल तर यातलं काहीही करू नका, वर जालन्याच्या व्यापाऱ्यांना सांगितलं तेच करा.

लोहाऱ्याच्या वाचकांसाठी : तुमच्या पत्रात प्रश्न दोन ओळींचा होता आणि पाकिटात पुंगळीच घालून पाठवलेली होती, ‘बघून सांगा’ म्हणून. नाइन एमएमची आहे, अलीकडची आहे, आणि टोपीवर ठसा ताजा आहे. कुठे सापडली ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी ती इथल्या ठाण्यात तुमच्या पाकिटासकट जमा केली, पोच संपादकांकडे आहे. ठाण्यातून तुम्हाला फोन येईल, तो उचला.